ढालीची मागची बाजू

भांडीबाजारात माझी फळी आहे, दोन हात रुंद.
चाळीस वर्षं नावं घालतोय मी
घागरीवर, परातीवर, रुखवतातल्या समईवर.
चि. सौ. कां. अमकी हिस मामांकडून सप्रेम भेट.
गाव. तारीख. टिंब.
नातं पुसट झालं की लोक भांडं पालथं करून बघतात,
कुणी दिलं होतं.

शनिवारी फादर शांतवन गांगुर्डे आले,
शरणपूर रोडवरून चालत, कपाळ घामानं भिजलेलं.
दूर कुठल्याशा प्रांतात बिशप होणार आहेत.
बिशपला म्हणे स्वतःची ढाल लागते,
लढायची नाही, दारावर लावायची,
आणि आपलं कूळ, आपला देव
तिच्यावर न बोलता दिसायला हवा.

खिशातून कागद काढला,
कुणी कॉम्प्युटरवर करून दिलेला.
वर शिरस्त्राण, मध्ये दोन पायांवर उभा सिंह,
खाली मला न वाचता येणारी ओळ.
म्हटलं, फादर, तुमच्या निफाडच्या शिवारात सिंह कधी आला?
बिबट्या म्हणाल तर उसातून आत्ता निघेल.
ते हसले. मग गप्प झाले.
गिऱ्हाईक असं गप्प झालं की मी छिन्नी खाली ठेवतो.

तुमचं देवक काय?

आमच्यात नसतं ते, म्हणाले. पणजोबांनी सोडलं.
दुष्काळात मिशनच्या विहिरीवर पाणी प्यायला गेले,
प्यायले, आणि तिथलेच झाले.
मग जरा थांबून:
पण पणजी उंबराचं लाकूड चुलीत घालू द्यायची नाही.
नाताळच्या करंज्या तळायच्या खोळंबल्या तरी नाही.
का विचारलं तर म्हणायची,
धूर फार होतो.

धूर.
आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी
हातोडी आणि छिन्नी पाटावर बसवतात,
हळद लावतात, नवऱ्या मुलाच्या आधी तिला.
त्यामुळं कुठला धूर ते मला कळलं.

उंबर घ्या, म्हटलं.
तो दत्ताचा ना, फादर म्हणाले.
गंगेवर दत्ताचा. पणजीच्या चुलीपाशी पणजीचा.
तेवढ्यात त्यांनाच आठवलं:
एक बुटका वसुलीवाला,
गर्दीत काही दिसेना म्हणून झाडावर चढून बसला होता,
रस्त्यानं जाणाऱ्याचं तोंड बघायला.
उंबरच होतं ते.
निदान आमच्या मराठीत तरी उंबरच, म्हणाले,
आणि परमुलखात घरचं माणूस भेटावं
तसे माझ्या फळीकडे बघत राहिले.

आठ दिवस लागले.
पितळेवर चार पानं, आणि खोडालाच लगडलेली फळं,
उंबराला फांदीच्या टोकापर्यंत जायला सवड नसते.
खाली पाण्याची एक रेघ,
रामकुंडापाशी गंगा दक्षिणेला वळते, तशी वळलेली.
वर क्रूस. तो फादरांनी स्वतः पेन्सिलीनं काढला होता,
किंचित कललेला. मी सरळ केला नाही.
सिंह गेला. न वाचता येणारी ओळ राहिली,
अक्षर कळलं नाही म्हणून हात चुकत नाही.

न्यायला आले तेव्हा बोट फिरवत विचारलं,
फूल नाही घातलं?
आहे की, म्हटलं. फळाच्या आत.
उंबराचं फूल बाहेर कुणी पाहिलंय?

मग सवयीनं ढाल पालथी केली.
मागं कोरी होती, आरशासारखी नाही, परातीच्या बुडासारखी.
पणजीचं नाव काय?
आधीचं की नंतरचं?
दोन्ही सांगा.

ठकूबाई ऊर्फ रिबका गांगुर्डे हिजकडून.

ठोकताना बाजारातला बाकीचा ठोका
नेहमीसारखाच चालू होता, कुणी वर बघितलं नाही.
भिंतीवर टांगली की ही बाजू भिंतीकडेच जाणार.

अक्षरामागं दोन रुपये घेतो मी.
मागचे धरले नव्हते.
फादरांनी बोटावर मोजून दिले,
दोन्ही नावांचे.